घरच्या कम्प्युटरवर मराठी: कीबोर्ड बसवण्यापासून जुन्या फायली वाचवण्यापर्यंत

माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर दोन बोटांनी टकटक करत घराण्याची वंशावळ आणि कुळाचार टाइप करून ठेवला होता. साठेक पानं. कोणत्या सणाला कोणता नैवेद्य, कुलदैवताला कोणी कधी काय वाहिलं, कुठली शाखा कोणत्या गावी गेली, सगळं. गेल्या दिवाळीत ती सीडी कपाटातून निघाली. नव्या लॅपटॉपला सीडी कुठे घालायची हाच पहिला प्रश्न होता. तो बाहेरून जोडायच्या ड्राइव्हने सुटला. पण फाइल उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा खच पडला. मध्येच कंस, मध्येच उद्गारचिन्हं, एक शब्द लागेल तर शपथ. ‘जावईबापू, व्हायरस लागला का हो?’

व्हायरस नव्हता. फाइल धडधाकट होती. गंमत अशी, की तिच्यात मराठी कधी नव्हतंच.

ही भानगड आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातात. कृतिदेव, शिवाजी, किरण, श्री-लिपीचे जुने फाँट हे सगळे एक प्रकारचे मुखवटे. तुम्ही कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिता तेव्हा कम्प्युटर प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठवतो. फाँट त्यांना म, र, काना, ठ, वेलांटी असे चेहरे चढवतो. ज्या मशीनवर तो फाँट नाही, तिथे मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. शिवाय प्रत्येक फाँटचे मुखवटे वेगळे. कृतिदेवची फाइल शिवाजीत उघडली तर तिसरंच काहीतरी दिसतं.

युनिकोडमध्ये हा प्रकार नाही. तिथे ‘म’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, ०९२ई, आणि तो जगातल्या प्रत्येक फोनवर, प्रत्येक कम्प्युटरवर ‘म’च असतो. फाँट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर मराठी लिहिता ते युनिकोडच. तेच घरच्या कम्प्युटरवर आणायचं, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. ‘मराठी सॉफ्टवेअर’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी हा लेख पूर्ण वाचा.

पहिलं काम: कीबोर्ड जोडणे

मी विंडोज ११ धरून सांगतोय. १० असेल तर नावं थोडी मागेपुढे होतील, रस्ता तोच. (विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, हेही जाता जाता लक्षात असू द्या.)

स्टार्टवर जाऊन सेटिंग्ज उघडा. त्यात ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’. तिथे ‘ॲड अ लँग्वेज’चं बटण आहे. ते दाबून यादीत मराठी शोधा, नेक्स्ट करा. आता थांबा. पुढच्या पानावर ही भाषा विंडोजची दर्शनी भाषा करू का, असं विचारणारा एक चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण असेल तर ती काढा. नाहीतर सगळे मेनू मराठीत होतात, आणि ‘सेटिंग्ज’ शोधायची सवय असलेला माणूस ‘सेटिंग्ज’ला मराठीत काय म्हणतात हे शोधत बसतो. मराठी मेनूंना माझा विरोध नाही, पण ते पहिल्या दिवशी नकोत.

मराठी यादीत आली की तिच्यासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करा, ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा आणि खाली ‘कीबोर्ड्स’मध्ये पाहा. तिथे ‘ॲड अ कीबोर्ड’ दाबलं की दोन पर्याय दिसतात: नुसतं ‘मराठी’, म्हणजे इनस्क्रिप्ट, आणि ‘मराठी फोनेटिक’. दोन्ही जोडून टाका, जागा खात नाहीत. फोनेटिक विंडोजमध्ये मे २०१९च्या अपडेटपासून आलं आहे. त्याहून जुन्या मशीनवर ते दिसणार नाही.

आता विंडोजची कळ धरून ठेवा आणि स्पेसबार दाबा. दर दाबण्याला भाषा बदलते. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, आत्ता कोणती भाषा चालू आहे ते दिसतं.

या कोपऱ्याकडे बघायची सवय आजच लावून घ्या. डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली तरी भाषा बदलते, आणि ती नकळत दाबली जाते. मग पासवर्ड ‘चुकीचा’ येतो. आमच्या शेजारच्या काकूंनी याच कारणाने एक पासवर्ड तीनदा बदलला. पासवर्डच्या जागी टिंबंच दिसतात, त्यामुळे आपण मराठीत टाइप करतोय हे कळायला मार्ग नसतो. पासवर्ड घेत नसेल तर आधी कोपरा बघा, मग चिडा.

फोनेटिक की इनस्क्रिप्ट?

फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगने शब्द लिहायचा, कम्प्युटर मराठी शब्दांचे पर्याय समोर ठेवतो, हवा तो निवडायचा. पाच मिनिटांत जमतं. चार ओळींचं पत्र, सोसायटीची नोटीस, वाढदिवसाचा मजकूर एवढंच काम असेल तर पुढे वाचायची गरज नाही, फोनेटिक घ्या आणि कामाला लागा. फक्त नजर पडद्यावर ठेवा. ‘आणि’चं ‘आणी’ आणि ‘की’चं ‘कि’ हे असंच होतं. तुम्ही घाईत स्पेस दाबता आणि पहिला पर्याय आत जाऊन बसतो. आडनावं आणि गावांची नावं तर दोनदा तपासा.

रोज पान-दोन पानं लिहिणार असाल तर मात्र मी इनस्क्रिप्टचाच आग्रह धरेन. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होते, नंतर मागे वळून बघावंसं वाटत नाही. याची मांडणी भारतीय मानक म्हणून १९९१पासून ठरलेली आहे आणि तिच्यात डोकं आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. महाप्राण अक्षर शिफ्टवर. म्हणजे ‘के’च्या कळीवर क आणि शिफ्टसह ख, ‘आय’वर ग आणि घ, ‘ओ’वर द आणि ध, ‘पी’वर ज आणि झ. हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, ‘डी’वर. त्यामुळे जोडाक्षर लिहायचं म्हणजे अक्षर, डी, अक्षर.

एक शब्द करून बघू. कोल्हापूर. के (क), ए (ओकार), एन (ल), डी (पाय मोडला), यू (ह), ई (काना), एच (प), टी (दीर्घ उकार), जे (र). नऊ कळा, एकही शिफ्ट नाही. आणि जसं उच्चारतो, जवळपास त्याच क्रमाने. पहिली वेलांटीसुद्धा अक्षराच्या नंतरच टाइप करायची, ती आपली आपण डावीकडे जाऊन बसते. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना इथेच अडखळायला होतं, कारण तिथे वेलांटी आधी मारायची सवय असते.

कळांवर मराठी अक्षरं छापलेली नसतात, मग लक्षात कसं ठेवायचं? विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन कळा एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्डचं चित्र येतं. भाषा मराठी असेल तर त्यावर मराठी अक्षरं असतात, आणि शिफ्ट दाबली की शिफ्टवरची अक्षरं दिसतात. आठवडाभर ते चित्र खाली उघडं ठेवून लिहा. बाजारात चिकटवायची स्टिकरं मिळतात, पण पडद्याकडे बघून शिकलेला हात लवकर तयार होतो असा माझा अनुभव आहे.

आणखी एक मार्ग सांगून ठेवतो. गूगल डॉक्स क्रोममध्ये उघडा, ‘टूल्स’मधलं ‘व्हॉइस टायपिंग’ निवडा, भाषा मराठी करा आणि बोला. ज्यांच्या बोटांना त्रास होतो त्यांच्यासाठी हे वरदान आहे. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घालावी लागतील असंच धरून चाला. गूगलचं विंडोजवर बसवायचं जुनं इनपुट सॉफ्टवेअर गूगलने देणं कधीच बंद केलंय. ते कुठल्यातरी भलत्या साइटवरून उतरवून घेऊ नका. गूगलचीच पद्धत हवी असेल तर क्रोमचं एक्स्टेन्शन आहे, ते घ्या.

नडणारी अक्षरं

इथे जरा रेंगाळू या, कारण मराठीची खरी खोच इथे आहे आणि हिंदीसाठी लिहिलेल्या सूचनांत ती सापडत नाही.

पहिलं म्हणजे दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, एक डोंगरातल्या. नेहमीचा रफार र, हलन्त, य असा येतो आणि ‘र्य’ होतो. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’ यांतला आडवा र हवा असेल तर इनस्क्रिप्टमध्ये नुसत्या ‘जे’ऐवजी शिफ्ट आणि जे दाबा. तिथे नुक्त्याचा ऱ आहे. त्यानंतर डी, त्यानंतर य किंवा ह. ‘दऱ्या’ म्हणजे ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ (त्या कळीवर य आहे), ई. काहीजण हाच आकार साध्या र आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडखूण घालून काढतात. दिसायला दोन्ही सारखे, पण कम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. म्हणून एकच पद्धत धरा, शिफ्ट-जेची.

दुसरं, ‘ॲ’. ॲडव्होकेट, ॲसिडिटी, ॲप. हा स्वतंत्र मराठी ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर लोक अ लिहून वर चंद्र चढवत होते, नाहीतर हिंदीतला ए-वर-चंद्रवाला ‘ऍ’ वापरत होते. आजही तिन्ही चालू आहेत, आणि पुन्हा तेच. शोधताना तिघे एकमेकांना ओळखत नाहीत. हा लेख टाइप करताना वर ‘व्हॉट्सअॅप’मध्ये माझ्याकडूनही अ-वर-चंद्रच गेला आहे, जुनी सवय. कीबोर्डवर ॲ सापडत नसेल तर वर्डमध्ये एक युक्ती आहे. कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, इंग्रजी आकड्यांत ०९७२ टाइप करा आणि लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा. आकडे जाऊन ॲ येतो. एकदा आला की वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये त्याला एखादी सोपी खूण देऊन ठेवा.

तिसरी गोष्ट खोडण्याची. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, कम्प्युटरला सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. बॅकस्पेस त्यातलं शेवटचं एकेक खातो. म्हणून वेलांटी चुकली तर पूर्ण अक्षर पुसायची गरज नाही, एकदा बॅकस्पेस आणि नवी वेलांटी. डिलीटची कळ मात्र अक्षराच्या आधी उभं राहून मारली की अख्खा ‘स्त्री’ एका घासात जातो. हा फरक कळल्यावर माझं निम्मं पुनर्लेखन वाचलं.

फाँट

मंगल विंडोजसोबत वर्षानुवर्षं येतो. तो र. कृ. जोशींनी घडवला. पडद्यावर वाचायला ठीक, छापायला मला तो कधी आवडला नाही. निर्मला यूआयही विंडोजमध्येच असतो. छपाईसाठी गूगल फाँट्सवर मुक्त, बालू, नोटो, तिरो देवनागरी मराठी असे कितीतरी फुकट आहेत. उतरवा, झिप उघडा, फाँटच्या फायलीवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणा. निवडताना ल आणि श बघा. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श सगळ्या फाँटांत नसतो. बऱ्याच फाँटांत हिंदी वळण असतं, आणि शाळेच्या कामासाठी लिहीत असाल तर ते खटकतं.

वर्डमध्ये नवख्यांना हमखास छळणारा एक प्रकार: मजकूर निवडून आकार १४ केला, इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी तसेच राहिले. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या वेगळ्या खात्यात टाकतो. कंट्रोल आणि डी दाबा. उघडलेल्या खिडकीत त्या खात्याचा फाँट आणि आकार वेगळा दिलेला असतो, तिथे बदला. लिबरऑफिस वापरत असाल तर तिथेही देवनागरीचं खातं वेगळंच. ऑप्शन्समधल्या भाषांच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू केल्याशिवाय त्या फाँटच्या चौकटी दिसत नाहीत.

जपून ठेवणं आणि पाठवणं

मूळ फाइल वर्डमध्ये ठेवा, पाठवताना पीडीएफ पाठवा. पीडीएफमध्ये फाँट आतच जातो, त्यामुळे समोरच्याकडे दिसणं बिघडत नाही. पण नुसती पीडीएफ ठेवून मूळ फाइल उडवू नका. मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की काने-मात्रे बऱ्याचदा विस्कटतात.

छापखान्यात किंवा फ्लेक्सवाल्याकडे देताना पीडीएफसोबत एक छापील प्रतही द्या. अजून काही ठिकाणी पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, त्याला युनिकोड मराठी झेपत नाही, मग ते सगळं पुन्हा टाइप करतात. आमच्या घरच्या मुंजीच्या पत्रिकेत असाच ‘वऱ्हाडी’चा रफार डोक्यावर चढला होता. फोटोशॉपमध्ये योग्य सेटिंग नसेल तर ‘हार्दिक’ची वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. चौकातले फ्लेक्स बघत असाल तर हे तुम्हाला नवीन नाही. प्रूफ घेतल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका.

सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांसाठी: सीएसव्ही (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला देता येईल अशी नुसत्या मजकुराची फाइल) करायची वेळ आली तर यादीतला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साधा सीएसव्ही निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत मराठी होत नाहीत. दुसऱ्याने पाठवलेल्या सीएसव्हीत टोप्या घातलेली इंग्रजी ‘ए’ अक्षरं दिसली तर घाबरू नका, तो मजकूर शाबूत आहे. फाइल डबल-क्लिकने न उघडता एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१, यूटीएफ-८ निवडा. आणि बेरीज करायचे आकडे इंग्रजीतच ठेवा.

जुन्या फायलींची सुटका

आता सासऱ्यांची वंशावळ. तुमच्याकडेही अशी एखादी फाइल असेल, तर क्रम असा धरा.

आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ बाजूला ठेवा. प्रत वर्डमध्ये उघडा, त्या अगम्य मजकुरात कुठेही क्लिक करा आणि वर ‘होम’ टॅबमधल्या फाँटच्या चौकटीत बघा. फाँट मशीनवर नसला तरी त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं. आमच्याकडे ‘शिवाजी’ निघालं. नाव कळलं की त्याच फाँटचा युनिकोड परिवर्तक शोधा. नेटवर असे परिवर्तक फुकट मिळतात, पण कृतिदेवचा परिवर्तक शिवाजीला चालत नाही, हे वरच्या मुखवट्यांवरून लक्षात आलं असेलच. खाजगी कागद, बँकेचे तपशील, मृत्युपत्र असलं काही ऑनलाइन परिवर्तकात चिकटवू नका. ते पुन्हा हाताने टाइप केलेलं बरं.

एकदम साठ पानं टाकू नका. एक परिच्छेद टाका आणि चार ठिकाणं तपासा: पहिली वेलांटी, रफार, आडवा र आणि क्ष-ज्ञ. परिवर्तक चुकतो तो इथेच, आणि चुकतो तेव्हा प्रत्येक वेळी तसाच चुकतो. त्यामुळे वर्डच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’ने, म्हणजे कंट्रोल आणि एचने, एका फटक्यात शंभर चुका दुरुस्त होतात. मजकुरात मध्येच खरं इंग्रजी असेल, एखादा पत्ता किंवा ईमेल, तर त्याचंही मराठी कडबोळं होतं. तेवढं आधी बाजूला काढून ठेवा.

फाइल नाहीच, फक्त छापलेले कागद आहेत? फोनने सरळ वरून, चांगल्या उजेडात फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर चढवा, त्यावर उजवी क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. चित्राखाली त्यातला मजकूर टाइप होऊन येतो. स्वच्छ छपाई असेल तर काम चांगलं होतं, हस्ताक्षरावर फार भिस्त ठेवू नका.

आमची साठ पानं दोन रविवारांत झाली. छापून सासऱ्यांना दिली तर त्यांनी लाल पेन घेतलं, आणि बारा ठिकाणी ‘र्‍हस्व-दीर्घ बघा’ असा शेरा मारून परत पाठवली. त्यातल्या नऊ चुका त्यांच्याच मूळ फायलीतल्या होत्या. तीन परिवर्तकाच्या. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.